दिर्क विलेम्स, १५६९ : पळाला पण, आणि मागे फिरला पण

वैऱ्यावर प्रीती करा हा विषय निघाला की चर्चा हमखास भावनांवर घसरते, म्हणजे मनातून माफ केलं का, राग गेला का, त्याच्याबद्दल आता चांगलं वाटतं का वगैरे वगैरे. आणि एकदा तिथे घसरली की हाती काही लागत नाही, कारण दुसऱ्याच्या मनातलं कोणाला दिसतंय, आणि स्वतःच्या मनाबद्दल तर माणूस सर्रास थापा मारतो. म्हणून मला दिर्क विलेम्सची केस आवडते, म्हणजे मागे लागलेला शिपाई बर्फात बुडायला लागला तेव्हा मागे फिरून त्याला वाचवणारा तो डच माणूस. या माणसाला काय वाटत होतं याची एक ओळसुद्धा कुठे नाही. त्याने काय केलं तेवढंच आहे, आणि ते पण चार-पाच वाक्यांत.

ही केस ख्रिस्ती लोकांमध्ये तशी माहितीची आहे, निदान ते चित्र तरी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, बर्फात फुटलेलं भगदाड, त्यात अडकलेला एक जण आणि दोन्ही हात पुढे करून वाकलेला दुसरा. पण ती साधारण "बघा किती महान माणूस" एवढ्यावर सोडून दिली जाते, आणि मग ऐकणारा म्हणतो की महान होता बाबा, आपल्याच्याने नाही होणार, आणि घरी जातो. नीट उघडून बघितली तर त्यात आपल्या कामाचं बरंच आहे, आणि काही गोष्टी तर प्रवचनात सांगतात त्याच्या बरोब्बर उलट आहेत.

आधी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय "वैरी" म्हणजे नक्की कोण ते कळत नाही.

आस्परेन हे नेदरलँड्समधलं लिंगे नदीकाठचं छोटंसं गाव. दिर्क तिथलाच. काळ असा की सगळा प्रदेश स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाच्या ताब्यात, आणि १५६७ मध्ये त्याने आल्बाच्या ड्यूकला सैन्य देऊन तिकडे पाठवलेलं, बंड आणि पाखंड दोन्ही मोडून काढायला. दिर्कचा गुन्हा काय, तर तो अ‍ॅनाबॅप्टिस्ट होता. म्हणजे लहान बाळाचा बाप्तिस्मा खरा नाही, माणसाने कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवून बाप्तिस्मा घ्यायचा, असं मानणाऱ्यांतला. ही चळवळ १५२५ मध्ये झ्युरिकला सुरू झाली, आणि १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या शाही सभेने पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना थेट देहदंड ठरवून टाकला. त्यांना कॅथलिकांनी मारलं तसं प्रोटेस्टंटांनीही मारलं, झ्युरिकमध्ये फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये नदीत बुडवून मारलं ते प्रोटेस्टंट नगरसभेनेच. त्यामुळे या केसमध्ये "आमचे चांगले, त्यांचे वाईट" असला हिशोब कोणी मांडायला जाऊ नये.

आणि अजून एक गोष्ट जी आपल्याकडचे सांगणारे पटकन गाळतात. सरकारला या लोकांची जी भीती होती ती पूर्ण हवेतली नव्हती. १५३४-३५ मध्ये जर्मनीतलं म्युन्स्टर शहर अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्याच एका जहाल गटाने ताब्यात घेतलं होतं, जे बाप्तिस्मा घेईनात त्यांना शहराबाहेर हाकललं, एकाने तर स्वतःला राजा म्हणवून घेतलं, आणि तो राजा हॉलंडमधल्या लायडनचा. ते सगळं रक्तपातात संपलं. त्यानंतर मेनो सायमन्सने, जो आधी फ्रीसलँडमध्ये पाद्री होता, शांततावादी लोकांना गोळा केलं, तलवार हातात घ्यायची नाही म्हणून सांगितलं. दिर्क या शांततावादी धारेतला. पण अधिकाऱ्याच्या नजरेतून बघा, त्याला हा आणि तो फरक कुठून दिसणार, त्याला एवढंच दिसतं की पुन्हा बाप्तिस्मा, गुपचूप बैठका, आणि मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. आपल्या वैऱ्याकडेही बऱ्याचदा असं काहीतरी कारण असतं, चुकीचं असेल, पण ते त्याला खरं वाटत असतं, आणि ते समजून घेतलं म्हणजे आपण त्याच्या बाजूचे झालो असं होत नाही.

निकालपत्र उपलब्ध आहे. त्यात लिहिलंय की दिर्कने कबूल केलं की पंधरा, अठरा किंवा वीस वर्षांचा असताना (असंच मोघम लिहिलंय) रॉटरडॅमला पीटर विलेम्स नावाच्या माणसाच्या घरी त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, पुढे आस्परेनमध्ये स्वतःच्या घरी चोरून बैठका भरवल्या, आणि काही लोकांचे बाप्तिस्मे तिथे होऊ दिले. बस. चोरी नाही, मारामारी नाही.

आता प्रसंग. तो पकडला गेला, कैदेतून निसटला. कपड्यांच्या गाठी मारून दोर केला आणि खिडकीतून उतरला, तुरुंगातल्या जेवणाने हडकुळा झाला होता म्हणून बर्फाने त्याचं वजन पेललं, हे सगळं पुढच्या सांगण्यात येतं, मूळ वृत्तांतात, म्हणजे १६६० मध्ये छापलेल्या हुतात्म्यांच्या ग्रंथात, नाही, त्यामुळे त्यावर मी फार भर देत नाही. वृत्तांतात एवढंच की शिपाई मागे लागला, पाणी थोडं गोठलेलं होतं, दिर्क बर्फावरून पळाला आणि मोठ्या धोक्यातून पलीकडे पोचला. शिपायाच्या पायाखालचा बर्फ फुटला. त्याचा जीव जातोय हे बघून दिर्क पटकन मागे फिरला आणि त्याला बाहेर काढलं. शिपायाला त्याला सोडून द्यायचं होतं, पण बर्गोमास्टर म्हणजे गावचा मुख्य, त्याने ओरडून दरडावलं की तू घेतलेली शपथ आठव. शिपायाने दिर्कला धरलं. १६ मे १५६९ रोजी त्याला जाळून मारायची शिक्षा झाली.

इथे जरा थांबून त्याच्यासमोर काय काय पर्याय होते ते बघू.

पहिला पर्याय, पळत राहणे. कोणी नाव ठेवलं नसतं. उलट, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, बायबल माहीत असलेल्या माणसाला पळत राहायला एक तयार वचन होतं. मागे राजाची माणसं लागलीत, पुढे पाणी, देवाचा माणूस सुखरूप पलीकडे गेला आणि पाठलाग करणारा पाण्यात बुडाला. हे निर्गम १४ च आहे ना, लाल समुद्र! कोणालाही वाटलं असतं की देवाने सुटका केली, आता मागे वळून बघणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ. आपण हे किती वेळा करतो बघा, आपलं वाईट चिंतणारा अडचणीत आला, नोकरी गेली, आजारी पडला, की तोंडाने नाही पण मनात "प्रभूने न्याय केला" असं म्हणून मोकळे होतो, आणि त्याच्या मदतीला न जाण्याला एक आध्यात्मिक कारण मिळतं.

पण त्याच निर्गमच्या पुस्तकात नऊ अध्याय पुढे, २३:४-५ मध्ये, एक अगदी साधा नियम आहे. तुझ्या शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्याकडे नेऊन सोड, आणि तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर सोडून जाऊ नको, त्याला मदत कर. यात शत्रूवर माया कर असं काही म्हटलेलं नाही. गाढव पडलंय, उचल. शत्रू शत्रूच राहील, भांडण आहे तिथेच राहील, पण गाढव आत्ता पडलेलं आहे आणि तू आत्ता तिथून जातोयस. मला वाटतं वैऱ्यावरच्या दयेची ही सगळ्यात खालची, सगळ्यात करण्यासारखी पायरी आहे, आणि दिर्कने केलं ते नेमकं हेच, फक्त गाढवाच्या जागी स्वतः शत्रू होता.

दुसरा पर्याय, काठावरून ओरडणे, बाकीच्यांनी काढावं त्याला. बर्गोमास्टर आवाज पोचेल इतक्या जवळ होताच म्हणजे. हा पर्याय दिसायला शहाणपणाचा आहे. पण थंड पाण्यात पडलेल्याला वेळ फार नसतो, पहिल्या धक्क्याला श्वास लागतो, काही मिनिटांतच बोटं आखडतात, ओल्या बर्फाच्या कडेला धरलं की ती कडाच तुटते, कपडे भिजून जड होतात. आणि जो काढायला जातो त्याच्याही खालचा बर्फ तोच, एकदा फुटलेला. म्हणजे मागे फिरण्यात दोन रिस्क होत्या, पकडलं जाण्याची आणि बुडण्याची, आणि आपण बहुतेक वेळा पहिलीच सांगतो.

तिसरा, म्हणजे त्याने केला तो.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही केस लिहायला घेतली. दिर्क मागे फिरला हे सगळे सांगतात. दिर्क आधी पळाला हे कोणी सांगत नाही. म्हणजे सांगतात, पण गोष्टीची सुरुवात म्हणून, त्याला काही अर्थ आहे असं नाही. मला उलट वाटतं की दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय ही केस समजतच नाही. तो माणूस वैऱ्यावर प्रीती करायची म्हणून तुरुंगात बसून राहिला नाही. संधी मिळाली तसा निसटला, आणि ते बायबलला धरूनच आहे, मत्तय १०:२३ मध्ये येशू स्वतः सांगतो की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा. पौलाला दिमिष्कात मारायला टपले होते तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं (प्रेषितांची कृत्ये ९:२५). येशूही त्यांच्या हातून निसटून गेला असं योहान १०:३९ मध्ये आहे. दावीद तर शौलापासून वर्षानुवर्षं रानावनात लपत फिरला, गुहेत शौल आयता हाती सापडला तेव्हा त्याने फक्त झग्याचा काठ कापला, जीव घेतला नाही, पण म्हणून नंतर शौलाच्या घरी राहायला गेला का? नाही गेला. १ शमुवेल २४ च्या शेवटी बघा, शौल रडला, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणाला, आणि घरी गेला, आणि दावीद आपल्या माणसांबरोबर गडावर गेला. दया केली आणि अंतर पण ठेवलं.

हे मी एवढं ताणून का सांगतोय, तर चर्चमध्ये "वैऱ्यावर प्रीती कर" हे वाक्य बऱ्याचदा ज्याच्यावर अन्याय होतोय त्यालाच ऐकवलं जातं, आणि त्याचा अर्थ असा लावला जातो की सहन कर, परत जा, दार उघडं ठेव. मारणाऱ्या नवऱ्याकडे परत पाठवलेल्या बायकांना हे वचन सांगितलं जातं. दिर्कची केस दाखवून तर हे अजिबात करता येणार नाही. त्याने ज्याच्याकडे धाव घेतली तो त्या क्षणी बुडत होता. तोच शिपाई कोरड्या जमिनीवर हातात दोरी घेऊन "ये, मी काही करत नाही" म्हणाला असता तर दिर्क गेला असता असं समजायला काही आधार नाही, आणि गेला नसता तर त्याची प्रीती कमी पडली असंही कोणी म्हणू नये. त्याला मागे खेचलं ते समोरच्या माणसाच्या गरजेने. समोरच्याच्या मागणीने, दबावाने, किंवा चार लोक काय म्हणतील याने नाही.

एक सरळ उदाहरण घेऊ, कुठलंही ऑफिस असू दे. एकाने तुमच्याविरुद्ध खोटी तक्रार केली आणि तुम्हाला तिथून निघावं लागलं. काही महिन्यांनी कळतं की त्याच्या मुलीचं ऑपरेशन आहे आणि रक्त हवंय, आणि तुमचा ग्रुप तोच. जाऊन रक्त द्यायचं, बास. त्यासाठी त्याला आधी माफ करून झालेलं असायला पाहिजे असं नाही, त्याने सॉरी म्हणायला पाहिजे असं नाही, दिल्यावर त्याने थँक्यू म्हणायला पाहिजे असंही नाही. आणि त्याच वेळी, तुम्ही आता कुठे काम करता, तिथला साहेब कोण, हे त्याला सांगायची काही गरज नाही, तक्रारीवर अपील केलं असेल तर ते मागे घ्यायचीही गरज नाही. रक्त द्या, पासवर्ड देऊ नका. हे ढोंगीपणाचं नाही, दिर्कनेही शिपायाला बाहेर काढलं, तुरुंगाची किल्ली परत केली नाही.

अर्थात दिर्कला अंतर ठेवता आलं नाही. आणि इथे केस अवघड होते.

बाहेर काढल्यावर शिपायाचं मन पालटलं होतं. तो म्हणत होता जाऊ द्या. म्हणजे दयेने आपलं काम केलं, एका माणसापुरतं. पण त्या माणसाच्या मागे एक पद होतं, पदामागे शपथ होती, आणि काठावर शपथेची आठवण करून देणारा उभा होता ज्याचे पाय कोरडे होते. कितीतरी ठिकाणी असंच असतं. समोरचा कारकून, पोलीस, मॅनेजर, त्याला व्यक्ती म्हणून तुमच्याबद्दल वाईट वाटत असतं, पण वरून फोन येतो. तेव्हा "मी इतकं चांगलं वागलो आणि तरी" असं म्हणण्यात अर्थ नसतो, कारण चांगलं वागलेलं त्या माणसापर्यंत पोचलेलं असतं, व्यवस्थेपर्यंत पोचलेलं नसतं, आणि ते तसं पोचेल असं वचन बायबलने कुठे दिलेलंही नाही.

शपथेवरून आठवलं, हा तपशील मला फार बोचतो. अ‍ॅनाबॅप्टिस्ट लोक शपथ घ्यायचेच नाहीत. १५२७ च्या श्लाइटहाइमच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात त्यांनी ते कलम म्हणून लिहून ठेवलं होतं, मत्तय ५:३४ चा आधार घेऊन, की शपथ वाहूच नका. आणि वैऱ्यावर प्रीती करा हे त्याच अध्यायात दहा वचनं पुढे, ५:४४ ला. म्हणजे एकाने ५:४४ पाळलं आणि दुसरा अडकला तो नेमका ५:३४ मध्ये जे नको म्हटलंय त्यात. ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या त्या शिपायाने शपथ घेतलेली नसती तर? पण मग तो शिपाईच नसता, आणि बर्फावर आलाही नसता.

प्रेषितांची कृत्ये १६ मधली फिलिप्पैची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचा. भूकंप होतो, तुरुंगाचे दरवाजे उघडतात, कैदी पळाले समजून बंदिशाळेचा अधिकारी तलवार उपसून स्वतःला मारायला निघतो, आणि पौल मोठ्याने ओरडतो, स्वतःला काही इजा करून घेऊ नको, आम्ही सगळे इथेच आहोत. कैद्याने जेलरचा जीव वाचवला, म्हणजे केस जवळपास तीच. तिथे काय झालं, जेलरने त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं, सगळ्या घराचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट चर्चमध्ये पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि मग आपली अशी समजूत होते की दया केली की समोरचा बदलतो, हा फॉर्म्युलाच आहे. दुसरी बाजू लूक २२:५१ मध्ये आहे, येशूला धरायला आलेल्या प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला गेला, येशूने हात लावून बरा केला. पुढचंच काम काय, तर त्याला धरून नेलं. ज्याचा कान बरा झाला तो मल्ख पुढे काय झाला हे शुभवर्तमानात नाही. दिर्कची केस फिलिप्पैच्या नाही, या रांगेतली आहे. त्यामुळे "मग फायदा काय झाला" असं कोणी विचारलं तर, लूक ६:३५ मध्ये परत मिळायची आशा न ठेवता द्या असं म्हटलंय, आणि कारण दिलंय की देव स्वतः कृतघ्न आणि दुर्जनांवर दयाळू आहे. देवालाही फायदा होत नाहीच की त्यातून.

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही आणि मला वाटतं तो मांडायलाच हवा. दिर्क एकटा नव्हता. त्याच्या घरी बैठका व्हायच्या, तिथे लोकांचे बाप्तिस्मे झाले होते. तो पुन्हा पकडला गेला तर त्याच्या तोंडून नावं काढायचा प्रयत्न होणार हे उघड होतं. मग वैऱ्याचा जीव वाचवताना त्याने आपल्या भावाबहिणींचा जीव टांगणीला लावला का? निकालपत्रात रॉटरडॅमच्या त्या एका घराचं नाव आलंय, पण त्याच्या स्वतःच्या घरी बाप्तिस्मा घेतलेल्यांबद्दल फक्त "काही लोक" एवढंच आहे, एकाचंही नाव नाही. यावरून तो टिकला असं म्हणायला जागा आहे. पण बर्फावर परत पाऊल टाकताना आपण टिकू की नाही हे कोणालाच माहीत नसतं. स्वतःचा जीव धोक्यात घालून वैऱ्याला वाचवणं वेगळं आणि दुसऱ्याचा धोक्यात घालून वाचवणं वेगळं, आणि आपल्या आयुष्यात ही सरमिसळ नेहमी असते, आपण उदार होतो आणि किंमत बायको-मुलं मोजतात. याला नियम नाही देता येत. तरी त्या ठिकाणी, त्या सेकंदाला, एका बाजूला पुढे कदाचित होणारं नुकसान होतं आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यासमोर बुडणारा माणूस, आणि मी असतो तर मलाही वाटतं डोळ्यासमोरचाच आधी. असतो तर म्हणतोय, खात्री नाही.

विचार करायला वेळ होताच कुठे म्हणा. "पटकन मागे फिरला" असं वृत्तांतात आहे. म्हणजे निर्णय बर्फावर झालेला नाही, तो त्याआधी वर्षानुवर्षं होत आला होता, त्या गुपचूप बैठकांमध्ये, पुन्हा पुन्हा तीच वचनं वाचून, पकडून नेलेल्यांसाठी आणि पकडणाऱ्यांसाठी प्रार्थना करून. मत्तय ५:४४ मध्ये छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा हे प्रीती करा च्या लगेच पाठोपाठ येतं ते उगाच नाही. ज्याच्या नावाने रोज प्रार्थना केली आहे तो पाण्यात पडला तर पाय आपोआप वळतात. ज्याच्या नावाने रोज बोटं मोडली आहेत त्याच्या बाबतीत पाय विचार करत उभे राहतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. म्हणून कोणी विचारलं की आज, आत्ता, वैरी समोर नसताना काय करायचं, तर हेच, नाव घेऊन प्रार्थना. "सगळ्या शत्रूंना आशीर्वाद दे" असली गोळाबेरीज नाही. नाव. त्याच्या गुडघेदुखीसाठी, त्याच्या कर्जासाठी. पहिले काही दिवस ती दात-ओठ खात होईल, होऊ दे.

आणि ही प्रार्थना जास्त लागते ती काठावरच्या बर्गोमास्टरसाठी. शिपायावर दया करणं त्यातल्या त्यात सोपं होतं, तो बुडत होता, हात वर करत होता. बर्गोमास्टरला कसलीच गरज नव्हती. सुरक्षित, अधिकारात, स्वतःच्या मते बरोबर. अशा वैऱ्याला द्यायला आपल्याकडे काहीच नसतं, रक्त नको, पैसा नको, सोबत नको. रोमकरांस १२:२० ची भुकेल्या वैऱ्याला खायला दे ही आज्ञा त्याला लागूच पडत नाही कारण तो जेवून आलेला आहे. त्याच्यासाठी त्याच अध्यायातलं चौदावं वचन उरतं, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, शाप देऊ नका. म्हणजे जिभेला लगाम.

जिभेवरून शेवटी या केसच्या सांगणाऱ्याबद्दल. हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो तीलमन फान ब्राख्टमुळे, डोर्ड्रेख्टचा मेनोनाइट (मेनो सायमन्सच्या परंपरेतला) उपदेशक, त्याने १६६० मध्ये आपल्या हुतात्म्यांचा मोठा ग्रंथ छापला, आणि १६८५ च्या आवृत्तीत यान लाउकेनची १०४ चित्रं आली, बर्फाचं ते चित्र त्यातलंच. हा फान ब्राख्ट दिर्कने शत्रूचा जीव वाचवला हे कौतुकाने सांगतो आणि लगेच पुढे मारणाऱ्यांना रक्तपिपासू, फाडून खाणारे लांडगे म्हणतो. शंभरेक वर्षांनी, स्वतः सुखरूप बसून! दिर्कच्या तोंडी असला एकही शब्द नाही. त्या दिवशी पूर्वेचा जोराचा वारा होता, ज्वाळा वरच्या अंगापासून बाजूला जात होत्या आणि मरण लांबलं, वाऱ्याच्या दिशेला असलेल्या लेरडाममधल्या लोकांनी त्याला सत्तरहून जास्त वेळा "हे माझ्या प्रभू, माझ्या देवा" असं ओरडताना ऐकलं. शाप नाही.

पण फान ब्राख्टला एक श्रेय द्यायला हवं. त्याने न्यायालयाचं निकालपत्र जसंच्या तसं छापलंय, वैऱ्याची बाजू वैऱ्याच्याच शब्दांत. (त्या निकालात बर्फाचा, शिपायाचा, वाचवलेल्या जीवाचा उल्लेखसुद्धा नाही, कोर्टासाठी ते घडलंच नव्हतं.) शिवाय तो हेही लिहितो की घोड्यावर बसून शिक्षेवर देखरेख करणारा बेलिफ ते हाल बघून इतका कळवळला की त्याने जल्लादाला सांगितलं, याला लवकर संपव. आणि शिपायाला दिर्कला सोडून द्यायचं होतं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. लांडगे म्हणून मोकळं व्हायचं असेल तर ही दोन्ही वाक्यं अडचणीची आहेत, गाळली असती तर कोणाला कळलंही नसतं.